उलटा सूर्य आणि दादाजींचा फोन

द्राक्षवाल्यांच्या पंपहाऊसमागे औषधांचे रिकामे डबे साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि फेकतही नाही. एक दिवस बघावं तर ढीग झालेला असतो. आमच्या ग्रुपमधल्या किश्शांचं तसंच आहे.

ग्रुप म्हणजे आम्ही द्राक्ष बागायतदार. निफाड, दिंडोरी, सटाणा, सगळीकडची माणसं. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बागेत जमायचं, पानं उलटून बघायची, एकमेकांच्या औषधांना नावं ठेवायची आणि मग मिसळ खायची. मी राहते नाशिक रोडला, बाग दिंडोरीकडे. नवरा नोकरीत, त्यामुळे बाग माझी आणि शिव्याही माझ्याच. ग्रुपमध्ये मला सगळे ताई म्हणतात, अगदी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले तात्यासुद्धा.

गेल्या वर्षी एका मिसळीच्या टेबलावर ठरलं की न्यूझीलंडला जायचं. तिथली शेती बघायची. सप्टेंबर आम्हाला बरा पडतो, कारण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असते पण सुरू झालेली नसते. तेवढीच काय ती आमची मे महिन्याची सुट्टी.

अडचण एकाच माणसाची होती. दादाजींची.

दादाजी सटाण्याकडचे. तिकडे अर्ली द्राक्षं घेतात. आम्ही कात्र्यांना धार लावत असतो तेव्हा त्यांच्या वेली फुलोऱ्यात आलेल्या असतात. भाव छान मिळतो, पण जीव टांगणीला लागलेला असतो. फुलोऱ्यात पाऊस झाला की फुलं गळतात, घड कुजतात आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते. दादाजींनी टूरला नाव दिलं, काढलं, परत दिलं, परत काढलं. शेवटी त्यांच्या बायकोनेच, मंगलवहिनींनी, मला फोन केला.

"ताई, यासनं नाव काढू नका. मी शे ना आठे."

आम्ही इकडचे लोक अहिराणी बोलत नाही, पण एवढं कोणालाही कळतं. मी आहे ना इथे, म्हणाल्या. दादाजी सोडून सगळ्यांचा त्यावर विश्वास होता.

* * *

पहिला किस्सा विमानतळावरच झाला.

न्यूझीलंड म्हणजे समुद्रात एकटा पडलेला देश. बाहेरचं बी, माती, कीड आत येऊ नये म्हणून ते लोक डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. विमानातच विचारतात, खायचं काय आणलंय, शेतात जाऊन आलात का, बुटांना माती आहे का. आमची अख्खी रांग शेतात जाऊन आलेली!

बाळासाहेब म्हणजे आमच्या ग्रुपचं हवामान खातं. फोनमध्ये चार वेगवेगळी ॲप ठेवतात आणि चारही खोटी निघाली की पाचवं घेतात. ते म्हणाले, "ताई, नाही म्हणून टाका. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "खरं सांगू या. ते बघतात."

तात्यांनी तर बागेत घालायचेच बूट घातले होते. नवीन बूट चावतात, असं त्यांचं म्हणणं. पांढरी टोपी, पांढरा शर्ट आणि खाली निफाडची काळी माती! तिथल्या ऑफिसरबाईंनी ते बूट बघितले, हातमोजे चढवले आणि काढून द्यायला सांगितले. बूट घेऊन बाई आत गेल्या. तात्या मोज्यांवर उभे. त्यांचा चेहरा उतरला, कारण आपल्याला परत पाठवणार असं बाळासाहेबांनी त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने बाई आल्या. बूट स्वच्छ धुऊन, ब्रशने घासून, पिशवीत घालून आणले होते. हसून तात्यांच्या हातात दिले.

तात्या किती तरी वेळ त्या पिशवीकडे बघत होते. मग म्हणाले, "आपल्या सरकारनं एवढ्या वर्षांत माझा बांध बघितला नाय. हितल्या सरकारनं बूट धुतले."

मी म्हटलं, घाला आता. तर नाही. तात्या मोज्यांवर चालत बाहेर आले, बूट छातीशी धरून. "उगं मळतील," म्हणाले.

* * *

तिथे आमची बस चालवायला रॉस नावाचा माणूस होता. साठीचा, थंडीतही हाफ पँटवर. त्याला मराठी येत नव्हतं आणि तात्यांना इंग्रजी. मधे मी. त्यामुळे दोघांचंही जे काही बोलणं झालं ते माझ्या तोंडून झालं आणि काही काही मी गाळलंही.

त्या देशात डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतरच ठेवलेलं नाही. आपल्याकडे नाशिकहून समुद्र बघायचा तर घाट उतरून अर्धा दिवस जावं लागतं. तिथे बसच्या उजव्या खिडकीत लाटा आणि डाव्या खिडकीत बर्फाचे डोंगर. मान किती वेळा वळवायची? खडकांवर सील पसरलेले होते, जेवण झाल्यावर खाटेवर आडवे झालेल्या पाहुण्यांसारखे. आम्ही खाली उतरलो.

उतरलो आणि रॉस बघतच राहिला. गवतातून जाताना आमची अख्खी फौज पाय आपटत चालली होती. धप, धप, धप. त्याने मला विचारलं, हा तुमच्याकडचा काही नाच आहे का?

सवयच ती. बागेत शिरताना आम्ही पाय आपटतो. हादरा बसला की साप बाजूला होतो. मी रॉसला तसं सांगितलं, तर तो म्हणाला की आमच्या देशात जमिनीवर सापच नाहीत. एकही नाही.

मी ते मराठीत सांगितलं. सगळे थांबले. खाली गवताकडे बघितलं. मग हळूहळू आपले साधे चालायला लागले. फक्त एक धप धप चालूच राहिली.

"तात्या, साप नाहीत इथे."

"ऐकलं," तात्या म्हणाले. "तुला सांगितलं, मला सांगितलं. सापाला कुणी सांगितलंय का?"

* * *

हवामानाचा किस्सा मात्र खास आमच्याच लोकांचा.

तिथे सकाळी ऊन असतं, चहा होईपर्यंत ढग येतात, जेवायला बसलो की पाऊस आणि हात धुतले की परत ऊन. समुद्रावरून वारा येतो, डोंगराला धडकतो आणि मनाला येईल ते करतो. तिथले लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पावसात भिजत आइस्क्रीम खातात.

पण द्राक्षवाल्याला ढग दिसला की काय होतं हे द्राक्षवाल्यालाच कळतं. एकदा दुपारी आभाळ भरून आलं आणि गाणी म्हणणारी आमची बस एकदम गप्प झाली. कोणी खिडकीला नाक लावलं, कोणी मान खाली घातली. बाळासाहेब फोनमध्ये शिरले. मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "डाऊनी येणार." डाऊनी म्हणजे पानांवरचा रोग. आमची पानं सात समुद्रांपलीकडे होती, तरी आली असती बहुतेक.

रॉसने बस बाजूला घेतली आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "घरून वाईट बातमी आलीय का?"

"नाही," मी म्हटलं, "ढग आलेत."

बिचाऱ्याने टोपी काढली होती ती परत घातली.

दादाजींची तर गोष्टच वेगळी. ढग दिसला की त्यांचा हात खिशात आणि फोन सटाण्याला. तिकडचं घड्याळ आपल्या फार पुढे. दादाजींची न्याहारी म्हणजे मंगलवहिनींची मध्यरात्र. तरी हा माणूस टोस्ट हातात धरून विचारायचा, "तठे ढग शे का?"

स्पीकर चालू असायचा, कारण दादाजींना कानाला फोन लावून ओरडल्याशिवाय बोलता येत नाही आणि हॉटेलवाले बघायला लागायचे.

"रात शे," वहिनी म्हणायच्या. "अंधारमा ढग कसा दिसी?"

"तरी बाहेर जाईसन बघ."

पलीकडे दार वाजल्याचा आवाज यायचा. वहिनी बाहेर जात होत्या की नुसतं दार वाजवत होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलंही नाही.

* * *

तात्या कधी रस्ता विचारत नाहीत. मुंबईत नाही, पुण्यात नाही. फोनवरचा नकाशा म्हणजे त्यांच्या मते आंधळ्यांची सोय. सूर्याकडे एकदा बघायचं की दिशा कळतात, मग पाय आपोआप चालतात.

एका द्राक्षबागेत आमचं जेवण झालं. आमचा मुक्काम तिथून पूर्वेला, सरळ रस्त्यावर. चालत गेलं तर अर्ध्या तासाची वाट. तात्या म्हणाले, "पोट जड झालंय. मी पायी जातो. तुम्ही या बसनं." त्यांनी वर बघितलं, मान हलवली आणि निघाले.

आम्ही मुक्कामी पोचलो तर तात्या नाहीत. तास झाला, दीड तास झाला, तात्या नाहीत. बाळासाहेबांनी उगाचच हवामान बघितलं. शेवटी रॉसने बस काढली आणि मी त्याच्या शेजारी बसले. जेवलो होतो ती बाग मागे टाकून, आणखी पुढे, डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. तिथे एका कुंपणाला टेकून तात्या उभे. पलीकडे मेंढ्या, प्रत्येकीला दोन दोन कोकरं, आणि सगळ्या तात्यांच्या टोपीकडे बघत होत्या.

"तात्या, तुम्ही उलटे आलात. पश्चिमेला."

"शक्यच नाय," तात्या म्हणाले. "जेवण झालं तवा सूर्य दक्षिणेला कललेला होता. मी त्याला उजव्या हाताला धरला अन् चालत सुटलो."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेत शिकलो होतो, पण परीक्षेनंतर कोणाला लागतंय? आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलतो. पृथ्वीच्या खालच्या अंगाला गेलं की तो उत्तरेकडे कलतो. तात्यांनी उत्तरेला दक्षिण धरलं आणि पूर्व समजून पश्चिम गाठली. दिशा न कळणारा माणूस तिथे चुकला नसता, कारण त्याने नकाशा घेतला असता. हे मी तात्यांना सांगितलं नाही.

बाकीचं मात्र बसमध्ये हाताची मूठ करून, पृथ्वी फिरवून, सगळं समजावलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रॉस मधेच मला म्हणाला, "त्यांना सांग, काळजी करू नका, होतं असं. रस्ता कोणीही चुकतो."

मी सांगितलं.

"मी कुठं चुकलो?" तात्या म्हणाले. "सूर्य चुकला."

* * *

ज्या बाईंच्या बागेत आम्ही जेवलो त्यांच्या वेलींना नुकतेच कोंब फुटत होते. सप्टेंबर म्हणजे तिथला वसंत. बाईंना धास्ती दवाची. रात्री गोठलं की कोवळे कोंब काळे पडतात. मग काय करता, असं विचारलं तर म्हणाल्या, "हेलिकॉप्टर बोलावतो."

मी भाषांतर केलं. कोणाचा विश्वास बसेना. मी परत विचारलं. बाई म्हणाल्या, हो, हेलिकॉप्टर बागेवरून खालून खालून फिरवतात. वरची उबदार हवा खाली ढकलली जाते. चेरीवाले तर पाऊस झाल्यावरही बोलावतात, फळांवरचं पाणी त्या वाऱ्याने झटकलं जातं.

निफाडची मंडळी जरा हिरमुसली. थंडीत निफाडचा पारा किती खाली जातो याचा आम्हाला मोठा अभिमान, पण आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. हेलिकॉप्टरपुढे शेकोटी सांगायला कोणी तयार होईना.

दादाजींनी तिथूनच फोन लावला. वहिनींना सगळं सविस्तर सांगितलं. हेलिकॉप्टर, वारा, चेरी, पाणी झटकणं, सगळं.

"मग एक माले बी लई या," वहिनी म्हणाल्या. "ट्रॅक्टरना बाजूले ठेवू."

सगळे हसून हसून लोळले. एकटे दादाजी गंभीर होते. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, ही बाई कशालाच घाबरत नाही. मला त्याचीच भीती वाटते."

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा राग आला. लग्न झाल्यापासून त्या बागेत राबणारी बाई, आणि हा माणूस तिला रोज फोनवर पानाची मागची बाजू बघ म्हणून सांगत होता. पण त्यांचे डोळे बघितले आणि राग गेला. त्यांना रात्रीची झोप नव्हती.

* * *

मग आला केआ.

केआ म्हणजे तिथल्या डोंगरातला पोपट. आपल्या पोपटाचा थोरला भाऊ म्हणा. अंगाने कोंबडीएवढा, रंग शेवाळी, पंख उघडला की आतून केशरी. बर्फात राहतो आणि डोकं भलतंच चालवतो. घाटाच्या माथ्यावर बस थांबली की हे महाशय चालत येतात. उडत नाहीत, चालत! हात मागे बांधून साइटवर आलेल्या इंजिनियरसारखे. गाडीभोवती फेरी मारतात आणि मग वायपरचं रबर ओढायला घेतात.

रॉसने आधीच बजावलं होतं. खायला देऊ नका, पिशव्या बंद ठेवा, हातात काही ढिलं धरू नका. मी ते मराठीत मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी पिशव्या बंद केल्या.

दादाजींनी ऐकलं नाही, कारण दादाजी ढग बघत होते.

त्या माथ्यावर रेंज येते. दादाजींनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन बसच्या बंपरवर ठेवला, म्हणजे दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत घालता येतील. रिंग वाजत होती. केआ चालत आला. मान तिरकी केली. एकदा दादाजींकडे बघितलं, एकदा फोनकडे. आणि चोचीत फोन धरून उडाला.

दादाजी ओरडत धावले. त्यांच्यामागे बाळासाहेब धावले, त्यांच्यामागे मी. केआ कठड्यावर बसला. आम्ही जवळ गेलो तसा त्याने चोच उघडली आणि फोन खाली दरीत सोडला. मुद्दाम सोडला असं मी म्हणणार नाही, पण खाली कसा पडतो ते त्याने वाकून बघितलं.

जाता जाता दरीतून मंगलवहिनींचा आवाज ऐकू आला असं बाळासाहेब आजही शपथेवर सांगतात. "हॅलो? ढग नै शे!"

* * *

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांच्या चारही ॲपवर सटाणा पावसाने निळं झालं. चारही एकदम खरं बोलत होती, असं पहिल्यांदाच घडत होतं.

दादाजी पांढरे पडले. बाळासाहेबांच्या फोनवरून नंबर लावला. वहिनी अनोळखी नंबर उचलेनात. किती तरी वेळा लावला तेव्हा उचलला. मागे ट्रॅक्टरचा घरघराट.

"कोन शे?"

"मी शे, मी!"

"मी म्हंजे कोन?"

"अगं, दादाजी!"

"मी ट्रॅक्टरवर शे," वहिनी म्हणाल्या. "आते बोलाले टाइम नै." आणि फोन बंद. नंतर लागलाच नाही.

त्या संध्याकाळी रॉस आम्हाला पेंग्विन दाखवायला घेऊन गेला. इवलेसे, निळसर, गुडघ्याएवढेही नाहीत. दिवसभर समुद्रात मासे पकडतात आणि अंधार पडायला लागला की लाटेबरोबर किनाऱ्यावर येतात. लाटेने आपटले तरी उठतात, अंग झटकतात आणि डुलत डुलत आपापल्या बिळाकडे चालू लागतात. रॉसने सांगितलं की नर आणि मादी पाळी लावतात. एक समुद्रावर गेला की दुसरा अंड्यावर बसतो. मग दुसरा जातो, पहिला बसतो.

मी ते मराठीत सांगितलं. दादाजी माझ्या शेजारीच बसले होते. थंडीने नाक लाल झालेलं. मी बघितलं, तर त्यांचे डोळे एका पेंग्विनवर खिळलेले. तो एकटाच मागे राहिला होता आणि शेवटी आपलं बीळ शोधून आत शिरला.

तात्या मागून म्हणाले, "बघ दादाजी. त्याच्याकडं बी फोन नाय."

सगळे हसले. दादाजीसुद्धा हसले, आणि त्या टूरमध्ये मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

* * *

परत आल्यावर दादाजी घरी न थांबता सरळ बागेत गेले. मी आणि बाळासाहेबही गेलो. म्हटलं, वाईट काही असेल तर सोबत असावी.

बागेत पाणी साचलेलं होतं. चाकोऱ्या उखडलेल्या. पण वेलींवर घड होते. दादाजी एकेका ओळीत शिरत होते, घड तळहातावर घेऊन बघत होते. थोडी गळ झाली होती, बाकी सगळं ठीक. बांधावर मंगलवहिनी उभ्या, ओढणीसारखा टॉवेल डोक्याला गुंडाळलेला.

पाऊस थांबला की त्या ब्लोअर घेऊन बागेत शिरत होत्या. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र, मोठा पंखा असतो त्याला. टाकीत औषध नाही, पाणी नाही, नुसता वारा. ओळीओळीने फिरवून फुलांवरचं पाणी झटकत होत्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पावसात आला नाही, म्हणून स्वतःच चालवला.

दादाजींनी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना. हेलिकॉप्टर वारा मारस म्हने." वहिनींनी ट्रॅक्टरकडे हात केला. "आपलं हेलिकॉप्टर हाई शे."

मग त्यांनी विचारलं, फोनचं काय झालं? दादाजींनी खिसे चाचपले. शेवटी बाळासाहेबांनीच सांगितलं, पोपटाने नेला. वहिनी हसता हसता बांधावर खालीच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तरीच काम व्हयनं."

दादाजी ट्रॅक्टरला टेकून उभे होते. आमच्यासमोर, मोठ्याने ते म्हणाले, "मी ऱ्हातू तं घाबरीसन दुप्पट औषध मारतू. बाग जळी जाती."

मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी मात्र संधी सोडली नाही. उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाल्या, "पुढला साल मी जासू. मळा तुम्ही बघा."

* * *

आणि या सप्टेंबरात आम्ही परत न्यूझीलंडला निघालो तेव्हा त्या आल्या. दादाजी सटाण्याला, फुलोऱ्यातल्या बागेपाशी.

निघताना दादाजींनी त्यांना नवा फोन दिला. त्याला जाड दोरी ओवून ती स्वतःच्या हाताने वहिनींच्या गळ्यात घातली. वर गाठ मारली. "पोपटनी भानगड नको," म्हणाले.

फोन रोज वाजत होता. ब्लोअरची चावी कुठे आहे? मोटर कोणत्या बटनाने बंद होते? ढग आलेत, आता काय करू? वहिनी आधी नीट सांगायच्या. मग थोडक्यात सांगायला लागल्या. सील बघताना फोन आला, कोकरं बघताना आला, पेंग्विन पाण्यातून बाहेर येत असताना नेमका आला. वहिनी फोन घेऊन लांब गेल्या आणि परत आल्या तोपर्यंत सगळे पेंग्विन बिळात गेले होते.

मग तो घाट आला. तोच माथा, तीच बस, रॉसची बहुतेक तीच हाफ पँट. आम्ही उतरलो. समोर बर्फाचा डोंगर, ऊन स्वच्छ, एक ढग नाही. वहिनी कठड्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. जन्मात पहिल्यांदा बर्फ बघत होत्या.

केआ आला. हात मागे बांधल्यासारखा, चालत. बसला एक फेरी मारून बंपरजवळ थांबला.

आणि वहिनींच्या गळ्यात फोन वाजला.

त्यांनी फोनकडे बघितलं. दादाजी. परत डोंगराकडे बघितलं. मग शांतपणे दोरी डोक्यावरून काढली, फोनभोवती नीट गुंडाळली, बसपाशी गेल्या आणि वाजता फोन बंपरवर ठेवला, केआच्या पुढ्यात. केआने मान तिरकी केली.

"घे," वहिनी म्हणाल्या. "आते तूच बोल."